पन्नास लाखांची हजेरी

मिलोच्या पिठाला विरी नव्हती. नेहमीसारखं पीठ मळून भाकरी थापायला घ्यावी तर कडा फुटायच्या, आणि तव्यावर जाईपर्यंत भाकरीचे दोन तुकडे व्हायचे. मग आधी आधण ठेवायचं, उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढायची आणि ती मळून भाकरी करायची, असा उपाय बायकांनी काढला. तरी भाकरी व्हायची ती तांबूस, जाडसर, आणि गार झाली की वातड. शाळूवर वाढलेल्या तोंडांना ती शेवटपर्यंत रुचली नाही. मिलो म्हणजे अमेरिकेतली लाल ज्वारी. तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालतात, ही माहिती रेशनच्या रांगेत कुणाला सांगावी लागत नव्हती. आज सत्तरी ओलांडलेल्या नगरी, सोलापुरी किंवा मराठवाडी माणसासमोर 'बहात्तरचा दुष्काळ' एवढे दोन शब्द उच्चारले की आधी ही भाकरी निघते, मग सुकडी आणि मग खडी.

मिलोवर लोकांचा राग इतका, की गाजर गवताचं खापरही तिच्याच माथी फुटलं. बांधाबांधावर माजलेलं ते पांढऱ्या फुलांचं गवत मिलोच्या पोत्यांतून आलं असं गावोगाव आजही ठामपणे सांगतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते पुण्यात टिपलं होतं १९५५-५६ च्या सुमाराला, म्हणजे बहात्तरच्या चांगली सोळा-सतरा वर्षं आधी. आयात धान्यातून ते आलं असेल, पण या मिलोतून नक्कीच नाही. एखाद्या धान्याला लोक किती नावं ठेवू शकतात याचा हा नमुना. आणि तरीही त्या साली ज्यांनी मिलो खाल्ली ते जगले.

आश्चर्याची गोष्ट हीच आहे. १९७२-७३ साली महाराष्ट्रातलं धान्य १९६७-६८ च्या मानाने निम्म्याच्या आसपास आलं होतं. त्याआधीची दोन वर्षंही पडीचीच. शेजारच्या राज्यांतून मोकळेपणाने धान्य आणायची सोय नव्हती. जुन्या हिशेबाने पाहिलं तर हा महाकाळ व्हायला हवा होता. तो झाला नाही. माणसं खंगली, जनावरं मेली, घरं मोडली. पण १८७७ च्या दुष्काळासारखे रस्त्याकडेला सांगाडे पडले नाहीत. ते का पडले नाहीत, हे समजून घ्यायचं तर दुष्काळी कामावरच्या हजेरीपटाकडे बघावं लागतं.

गोष्टीची सुरुवात खरं तर एका भाषणापासून होते. १९६५ साली पुण्यात शनिवारवाड्यासमोर मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी भर सभेत सांगितलं, की दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला इथेच फाशी द्या. राजकारणी माणूस सहसा स्वतःच्या गळ्याचा असा सौदा करत नाही. पण तो काळच तसा होता. देश अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखालच्या गव्हावर जगत होता. १९६६ साली एक कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आलं. जहाज धक्क्याला लागायचं आणि धान्य तिथून थेट लोकांच्या ताटात जायचं. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळ जेवू नका असं आवाहन केलं होतं आणि शहरांतली हॉटेलंही त्या संध्याकाळी बंद राहत. नाईक मूळचे पुसदजवळच्या गहुलीचे, पिढीजात शेतकरी. त्यांनी सगळी भिस्त ठेवली संकरित ज्वारीवर. सीएसएच-१ हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण १९६४ साली बाहेर आलं होतं. शेतकऱ्यांच्या तोंडी त्याचं नाव एकच, 'हायब्रीड'. कणीस भरगच्च, ताट बुटकं, भाकरी बेचव आणि कडबा जनावर तोंड लावेल न लावेल असा. पण पीक यायचं. ६७-६८ चं साल चांगलं गेलं आणि मुख्यमंत्र्यांच्या गळ्याची आठवण कुणी काढली नाही.

मग पावसानेच पाठ फिरवली.

१९७० साली तो ओढ देऊन गेला, १९७१ ला त्याहून वाईट, आणि १९७२ ला तर नगर, पुणे, सोलापूर, सातारा, सांगलीचा पूर्व भाग, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद, नाशिक, धुळे अशा एकमेकांना लागून असलेल्या जिल्ह्यांत आभाळ कोरडंच राहिलं. राज्यातली जेमतेम शेकडा आठ-नऊ एकर जमीन ओलिताखाली. बाकी सगळं वरच्यावर. त्यातही या पट्ट्यात मुख्य पीक रब्बीच्या ज्वारीचं. ती पेरायची सप्टेंबर-ऑक्टोबरात, उत्तरा-हस्ताच्या पावसावर, आणि काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर ती उभी राहायची. हत्तीचा पाऊस चुकला की सगळंच चुकलं. ज्वारी हे दुहेरी पीक आहे, हे शहरातल्या माणसाच्या पटकन लक्षात येत नाही. कणसाची भाकरी माणसाला, ताटाचा कडबा बैलाला. गहू बुडाला तर माणूस उपाशी राहतो. ज्वारी बुडाली तर माणूस आणि बैल एकाच दिवशी उपाशी राहतात. आणि बैल गेला की पुढच्या सालची पेरणीही गेली.

सरकारी दफ्तरात अशा संकटासाठी एक जुनं शस्त्र पडून होतं. त्याची धार शंभर वर्षांपूर्वीची, आणि ती माणसांच्या मरणावर लागलेली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये इंग्रज सरकारने कामं काढली, पण ती काटकसरीने. सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराला रोज दीड पौंडाऐवजी एक पौंड धान्य पुरेल असं ठरवलं. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही, आणि त्यावर दिवसभर मातीकाम करायचं. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी त्या मजुरीवर काम करायला नकार दिला आणि ते कामं सोडून निघून गेले. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका आणि त्यांचे सहकारी तालुक्या-तालुक्यांतून हालहवाल मागवून सरकारकडे अर्जांवर अर्ज पाठवत होते. जोतीराव फुल्यांनी आणि सत्यशोधक समाजाने धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून मुलांना जेवू घातलं. सावित्रीबाई जुन्नर भागातून जोतीरावांना दुष्काळाची पत्रं लिहीत होत्या. इकडे माणसं मरत होती आणि तिकडे बंदरांतून धान्य परदेशी जात होतं. या सगळ्याच्या पोटातून १८८० चा दुष्काळ आयोग निघाला आणि त्यातून दुष्काळ संहिता. आणेवारी ठरावीक मर्यादेखाली गेली की टंचाई जाहीर करायची; काम मागेल त्याला काम द्यायचं; ज्याला काम होत नाही त्याला फुकट शिधा द्यायचा. साहेब गेला, संहिता राहिली. १९७२ साली कलेक्टर कचेरीत जी नियमावली उघडली गेली ती याच संहितेची नात.

फरक एवढाच, की नातीचं राज्य आता मतांवर चालत होतं.

दुष्काळी काम म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे खडी येते. ते काम असं चालायचं. गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला किंवा टेकडीच्या उतारावर केंद्र सुरू व्हायचं. गडी घणाने मोठे दगड फोडायचे. त्यांचे तुकडे पुढे बायका, म्हातारे आणि मोठी पोरं घेऊन बसायची आणि लहान हातोडीने त्यांची बारीक खडी करायची. दगड एका हाताच्या बोटांनी धरायचा, दुसऱ्या हाताने मारायचं. नेम चुकला की बोट ठेचायचं. नेम लागला की कपरी उडून डोळ्यांत जायची. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, डोक्यावर पदर, आणि एखादं झाड असेल तर त्याला टांगलेल्या लुगड्याच्या झोळीत तान्हं पोर. झाड नसेल तर दोन काठ्यांवर ताणलेल्या धडप्याची सावली. दिवस बुडेपर्यंत जी रास व्हायची ती मोजली जायची. माप ब्रासचं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट: दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट उंच असा ढीग. हातोडीने ठोकून तेवढी रास करायला किती दिवस लागत असतील याचा अंदाज ज्याने कधी एक तरी दगड फोडून पाहिला आहे त्यालाच यावा.

मजुरी कामाच्या मापावर. म्हणजे सगळा खेळ मोजणाऱ्याच्या हातात. मुकादमाने टेप सैल धरला की रास वाढायची, ताणून धरला की आटायची. मस्टरवर नाव आहे की नाही, अंगठा कुणाचा, खाडा कुणाच्या नावावर पडला, यांवर रोज वाद. खोटी नावं घालून मजुरी उचलणारे महाभाग होते, आणि काम करूनही नाव न लागलेल्या बाया होत्या. पगार आठवड्याने व्हायचा असा नियम. प्रत्यक्षात तो पंधरवडा, कधी त्याहून जास्त लांबायचा. तोवर दुकानदाराची उधारी. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असतो हे सांगायला नको. कामावर वाटली जाणारी सुकडी, म्हणजे ते गोडसर पौष्टिक पीठ, मूठभर तोंडात टाकून दुपार ढकलायची आणि उरलेलं पदराला बांधून घरच्या पोरांसाठी न्यायचं.

या कामांवर तेव्हाही टीका झाली आणि ती रास्त होती. फोडलेल्या खडीचे ढीग रस्त्यांच्या कडेला पुढे कित्येक वर्षं तसेच पडून राहिले, कारण तेवढे रस्तेच नव्हते. खडी फोडायला जागा लागत नाही, आराखडा लागत नाही, इंजिनिअर लागत नाही. हातोडी दिली की काम सुरू. गर्दी झपाट्याने वाढत असताना सरकारला तेच सोयीचं पडलं. पुढे पुढे पाझर तलाव, नाला बंडिंग, बांधबंदिस्ती, विहिरी आणि कालव्यांची खोदाई अशी जरा कामाची कामं निघाली. पण आठवणीत शिक्का बसला तो खडीचाच.

गर्दी केवढी? रब्बीही बुडाली तशी गावं रिकामी होऊन कामांवर आली. मे १९७३ मध्ये, ऐन उन्हाळ्यात, एका दिवशी जवळपास ५० लाख माणसं राज्यातल्या दुष्काळी कामांवर होती. १९७१ च्या शिरगणतीत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख. खेड्यांतली साडेतीन कोटींच्या आत-बाहेर. म्हणजे खेड्यातल्या दर सात माणसांमागे एक माणूस, त्यात तान्ही आणि थकलेली धरूनसुद्धा, हजेरीपटावर होता. यात भूमिहीन होते तसे पाच-दहा एकरवालेही होते. कालपर्यंत ज्यांच्या रानात लोक रोजाने यायचे ते पाटील, देशमुख डोक्याला टापशी बांधून त्याच लोकांच्या शेजारी दगड फोडायला बसले. काहींनी लाजेकाजेस्तव आपल्या गावचं काम टाळून लांबच्या केंद्रावर नाव घातलं. भूक पाटीलकी ओळखत नाही, हे तेव्हा गावागावाने पाहिलं. जात मात्र ओळखत होती. कामावरच्या पाण्याच्या डेऱ्यापाशी कुणी कुठे उभं राहायचं हे दुष्काळानेही बदललं नाही. दलित पँथरची स्थापना मुंबईत त्याच १९७२ सालची, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

आता मुद्दा असा, की मजुरी हातात आली तरी ती खायची कशी? नोटा शिजवता येत नाहीत. धान्य कुठून आलं?

थोडं सरकारकडून आलं. रेशनवर मिलो, गहू, जे मिळेल ते. पण केंद्राकडे तरी कुठे होतं? अमेरिकेची सवलतीची मदत १९७१ च्या युद्धाच्या सुमाराला थांबली होती. जगाच्या बाजारात जावं तर १९७२ साली सोव्हिएत रशियाने अमेरिकेतून गव्हाची प्रचंड खरेदी करून भाव आभाळाला नेले होते. गंमत म्हणजे त्याच रशियाने १९७३ मध्ये भारताला २० लाख टन गहू उसना दिला. महाराष्ट्राने जेवढं मागितलं तेवढं केंद्राकडून कधीच मिळालं नाही. खासगी व्यापाऱ्याला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धान्य न्यायला बंदी. कागदावर पाहिलं तर गाडं इथेच अडायला हवं होतं.

ते अडलं नाही, कारण लोकांच्या हातात पैसा होता. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढे या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला आणि अमर्त्य सेन यांच्याबरोबरच्या पुस्तकातही तो मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जिथे गिऱ्हाईक रोख पैसे घेऊन उभं आहे तिथे धान्य पोचतंच, बंदी असली तरी. रात्रीच्या अंधारात, ट्रकातून, बैलगाडीतून, डोक्यावरच्या गाठोड्यांतून ते राज्याच्या सीमा ओलांडून आलं. आणि दुसरी गोष्ट त्याहून लक्षणीय. पोटाला चिमटा सगळ्यांनाच बसला. मोठ्या बागायतदाराच्या घरातही खाणं घटलं आणि मजुराच्या घरातही. एकूण भाकरी कमी होती, पण मजुराच्या हातातल्या नोटेने त्या कमी भाकरीतला आपला तुकडा ओढून घेतला. १८७७ ला मजुराच्या हातात जेमतेम एक पौंड धान्याच्या हिशेबाची मजुरी टेकवली होती.

पण पैसा आपोआप आला नाही. तो ओढून काढावा लागला. केंद्रं सुरू करा, बंद पडलेली पुन्हा उघडा, मजुरी वाढवा, पगार वेळेवर द्या, यासाठी मोर्चे निघत, तहसीलदाराला घेराव पडत, लोक मामलेदार कचेरीच्या आवारातच भाकरतुकडा सोडून बसत. कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, लाल निशाण, सगळे यात उतरले. लाल निशाणचे दत्ता देशमुख स्वतः इंजिनिअर. मजुरीच्या मागणीइतकाच कामं कोणती काढावीत याबद्दल त्यांचा आग्रह असे. धुळे जिल्ह्यात शहाद्याला भिल्ल आदिवासी आणि त्यांच्यात काम करायला आलेली शहरी तरुण मुलं मिळून श्रमिक संघटना उभी राहिली तीही १९७२ मध्येच. मुंबईत बायकांनी वेगळीच शक्कल लढवली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बाया एकत्र आल्या, महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती निघाली आणि गृहिणी हातात लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या. साखर, तेल, रवा कुठे दडवला आहे ते या बायका शोधून काढत. एरवी मोर्चाचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्या दादर-गिरगावच्या चाळींतून त्या उतरल्या. खेड्यात हातोडी आणि शहरात लाटणं. त्या दोन वर्षांत मंत्रालयाला (तेव्हाचं सचिवालय) दोन्ही आवाज ऐकावे लागले. विधानसभेत रोज प्रश्न, वर्तमानपत्रांत रोज फोटो. मंत्री गाड्या उडवत दुष्काळी केंद्रांवर फिरत होते. त्यांच्या गाड्यांच्या धुरळ्यावर लोकांनी विनोद केले ते वेगळे.

त्याच सुमाराला आफ्रिकेत साहेलच्या पट्ट्यात, म्हणजे मॉरिटानिया, माली, नायजर, चाड या देशांत असाच पाऊस चुकला. माणशी धान्याचा हिशेब केला तर तिथली स्थिती महाराष्ट्रापेक्षा बरी होती, असं द्रेझ आणि सेन दाखवून देतात. तिथे माणसं मेली. इथिओपियातल्या वोलो प्रांतात तर सम्राट हैले सेलासींच्या सरकारने दुष्काळ झाकूनच ठेवला. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये एका ब्रिटिश वार्ताहराचा माहितीपट दाखवला गेला तेव्हा जगाला तो कळला, आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरात सम्राटाचं सिंहासनच गेलं. नाईकांचं मुख्यमंत्रिपद दुष्काळाने गेलं नाही. ते १९७५ पर्यंत राहिले. शनिवारवाड्यासमोरचं ते वाक्य विरोधकांनी या काळात काढलं नसतं तरच नवल.

तरी बहात्तरचा दुष्काळ 'यशस्वीपणे हाताळला' असं सरकारी अहवालाच्या भाषेत म्हणताना जीभ अडखळावी. मृत्युदराने उसळी घेतली नाही, हे खरं. पण ज्या बाईने एक उन्हाळा गरोदर अंगाने दगड फोडले तिच्या पोटच्या पोराचं वजन कोणत्या तक्त्यात धरायचं? जमिनी लोकांनी शक्यतो विकल्या नाहीत. त्या धरून ठेवण्यासाठीच तर खडी फोडली. पण गोठे रिकामे झाले. दावणीची बैलजोडी मिळेल त्या भावात बाजारात गेली. नाही विकली त्यांनी झाडपाला घातला, घरावरचं जुनं गवत उपसून घातलं, आणि शेवटी दावं सोडून दिलं. दावं सोडणं म्हणजे काय, हे शेतकऱ्यालाच कळावं. मराठवाड्यातली हजारो भूमिहीन कुटुंबं, त्यांत दलित मोठ्या संख्येने, मुंबई-पुण्याला गेली ती परत आली नाहीत.

गावाकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: बहात्तरला खायला नव्हतं पण प्यायला होतं, आताच्या दुष्काळात खायला आहे पण प्यायला नाही. त्यात बरंच तथ्य आहे. बहात्तरला विहिरींनी तळ गाठला होता, तरी खोल आडात घागरभर पाणी मिळायचं. जमिनीच्या पोटातलं पाणी अजून कुणी उपसलं नव्हतं. ते उपसायची सुरुवातही याच दुष्काळाने करून दिली. काळ्या बेसॉल्ट खडकात खोल भोक पाडणारी यंत्रं गावोगाव फिरली आणि बोअरवर हातपंप बसले. सुरुवातीचे ओतीव लोखंडाचे पंप एका घराच्या वापरापुरते. अख्खं गाव त्याच्यावर तुटून पडलं की महिन्याभरात दांडा हातात यायचा. जालन्याच्या मिशनमधल्या आणि मग सोलापूरच्या कारागिरांनी त्यात सुधारणा करून गावाचा मार सोसेल असा पंप बनवला. सोलापूरच्या त्या पंपावरूनच सत्तरच्या दशकाच्या शेवटी 'इंडिया मार्क टू' आला, जो आज आफ्रिका-आशियातल्या कित्येक देशांत पाणी देतो. आपल्याकडे त्याला एकच नाव, हापसा. दुष्काळाने जगाला दिलेली ही वस्तू, आणि तिचं मूळ आपल्या जालना-सोलापुरात आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

पाण्याचा दुसरा धडा पुरंदर तालुक्यात गिरवला गेला. पुण्यातले कारखानदार विलासराव साळुंखे दुष्काळी कामं बघायला गेले आणि तिथेच गुंतले. माणसं राबताहेत, पैसा खर्च होतो आहे, पण पुढच्या पावसाचं पाणी अडवायला यातलं काय उपयोगी पडणार, हा त्यांचा प्रश्न. नायगावला देवस्थानची ४० एकर बरड जमीन कराराने घेऊन त्यांनी बांध घातले, तळं केलं आणि १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान सुरू केलं. तिथून पाणी पंचायत आली. पाणी जमिनीच्या एकरावर न देता माणशी द्यायचं, भूमिहीनालाही वाटा द्यायचा आणि ऊस लावायचा नाही. शेवटची अट पश्चिम महाराष्ट्रात किती जणांना मानवली असेल हे सांगायची गरज नाही.

१९७३ चा पाऊस वेळेवर आला. केंद्रं बंद झाली, लोक पेरणीला पळाले. पण कामाचा हक्क काय असतो याची चव लोकांना लागली होती, आणि ती आता मोडणार नव्हती.

या हक्काचा कागद आधीच तयार होता. सांगली जिल्ह्यातले सर्वोदयी विचाराचे गांधीवादी वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ साली त्यांनी तासगाव तालुक्यात विसापूरला एक छोटा प्रयोग करून पाहिला होता: गावातल्या ज्याला काम हवं त्याला काम द्यायचं, आणि खर्च किती येतो ते बघायचं. दुष्काळ पडो न पडो, काम मागणं हा हक्क आहे, हा त्यांचा साधा आग्रह. १९७१ च्या सुरुवातीला पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी देशातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास मांडला, त्यातही ग्रामीण कामांवर भर होता. रोजगार हमी योजना १९७२ मध्ये राज्यभर जाहीर झाली, पण लगेच दुष्काळी कामांच्या गर्दीत बुडून गेली. ती खऱ्या अर्थाने उभी राहिली दुष्काळ ओसरल्यावर. मग १९७७ चा कायदा. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर रोजचा एक रुपया बेकारी भत्ता. एक रुपयाला तेव्हाही लोक हसले, पण कामाची मागणी कायद्यात लिहिली गेली ती देशात पहिल्यांदा इथे. केंद्राचा कायदा त्यानंतर सव्वीस वर्षांनी, २००५ साली आला.

विधिमंडळातही यावर फारसं भांडण झालं नाही. भांडण पैशाचं होतं: दरवर्षी एवढा खर्च कुठून भागवायचा? उत्तर निघालं शहरांच्या खिशातून. दुष्काळात मुंबई-पुण्याकडे धावत आलेले लोक सरकारने पाहिले होते. शहरांनाही ते परवडणारं नव्हतं. म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर लागला. नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्यावर, रोजगार हमीसाठी. नरिमन पॉइंटच्या किंवा हिंजवडीच्या कचेरीत बसणाऱ्या नोकरदाराच्या पगारपत्रकात 'पी.टी.' या दोन अक्षरांसमोर दरमहा २०० रुपये कापलेले दिसतात. वर्षाला २५०० ची बेरीज जमावी म्हणून फेब्रुवारीत ३००.